वस्तादाचा कान

या पावणं. हिकडं पाटावर बसा, त्या खुर्चीचा एक पाय गेलाय. हंबीर वस्ताद पाहिजेत न्हवं तुम्हाला? आत हाईत, जेवून आडवं झाल्यात. पण येणार न्हाईत. आवाज बारीक करायचं काय कारण न्हाई, त्यास्नी ऐकू येत न्हाई. मी त्यांची बायको, झुंबरबाई. तुम्ही पुण्याकडचं दिसताय म्हणून आधीच सांगतो, आमच्यात बाया बी 'आलो-गेलो'च म्हणत्यात. हसायचं असलं तर एकदाच हसून घ्या.

कुणी धाडलं? विजयसिंहानं? बघा की! त्या शहाण्याला सगळं म्हाईत हाय, आन तरी माणसं धाडतोय. काय अडकलंय तुमचं? टाकीखालचा बिडाचा व्हॉल्व. मग पान्याच्या दांड्यात पाइप घातला आन दोघंतिघं मिळून लोंबकळलासा, व्हय का न्हाई? तोंडावर लिवलंय. आवं, बीड हाय ते. लोखंड वाकतंय, बीड वाकत न्हाई. त्याच्यावर जोर केला की ते सरळ फुटतंय, आन मग भिताड उकरून निम्मा पाइप बाहेर काढत बसायचं. असलं वीस-पंचवीस शहाणं मी बघितल्यात, कपाळाला हात लावून बसलेलं.

चहा टाकतो. न्हाई म्हणू नका, उनातनं आलाय. ते का येणार न्हाईत ते सांगतो, म्हंजी परत हेलपाटा घालायला नगं. गल्लीला सगळं ठावं हाय, तुम्हाला सांगायला काय लाज.

आमचं मालक मूळचं राधानगरीकडचं. अठराव्या वर्षी कोल्हापुरात आलं ते कुस्ती शिकायला. तालमीत दोन वर्सं घुमलं, मग गुडघा गेला आन पैलवानकी तितंच ऱ्हायली. गावाकडं कुठल्या तोंडानं जायचं, म्हणून उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत चिकटलं. ओतून थंड झालेल्या बिडाच्या नगाची माती हातोडीनं झाडायची, आन मग प्रत्येक नग टांगून वाजवून बघायचा. खण्णकन वाजला तर नग बरा. बद्द वाजला तर आत चीर हाय, टाक परत भट्टीत. बावीस वर्सं ह्या माणसानं तेवढंच केलं. कान असला तयार झालता की वाटंनं जाताना कुणाच्या घरात बिडाचा तवा पडला तर म्हणायचं, "गेला, चिरला." आन चिरलेलाच असायचा.

फौंड्री बंद पडली तवा चाळिशी उलटलीती. मग नळाची कामं धरली. कोल्हापुरातली जुनी घरं, सगळीकडं बिडाचं पाइप. पन्नास-साठ वर्सांचा गंज, जोडात वतलेलं शिसं. बाकीचं नळवालं काय करायचं? ग्राइंडर लावायचं न्हाईतर घण घालायचं. पाइप बी जायचा, फरशी बी जायची. आमच्या मालकांची पद्धत न्यारी. पहिल्या दिवशी जोडावर रॉकेल सोडायचं आन "उद्या येतो" म्हणून सरळ घरला यायचं. घरवाला चिडायचा, चिडू दे. दुसऱ्या दिवशी दोन हातोड्या. मोठी पलीकडनं नुसती टेकवून धरायची, बारकी अलीकडनं मारायची. हळू, गोल फिरत, भाकरी थापल्यागत. मोठीचा टेका असला की बीड टोला सोसतंय. आन चार टोल्यांनी थांबून ऐकायचं, कारण गंज सुटायला लागला की आवाज बदलतोय. जितं शिसं हाय तितं बत्ती लावून वितळवायचं, शिशाखाली ठासलेला ताग उपसून काढायचा, मग टोलं. इतक्या वर्सांत एक जोड फोडला न्हाई त्यांनी. तालमीत वस्ताद झालं न्हाईत, पण पायपानं वस्ताद केलं. लोक फोनवर बी "हंबीर वस्ताद हाईत का?" असंच इचारायचं.

मग कान गेलं. एकदम न्हाई, हळूहळू. बावीस वर्सं रोज ठणठण ऐकल्यावर दुसरं काय हुणार? आधी फोन ऐकू येईना, मग मी आतनं मारलेली हाक ऐकू येईना. मला वाटायचं मुद्दाम करत्यात. लई भांडलो मी त्या वर्षी, काय सांगू तुम्हाला. शिव्या दिल्या. आन ते आपलं हसून बघत बसायचं.

एकदा त्यांचा डबा घेऊन उत्तरेश्वर पेठेत गेलतो. ते पायपाला टोला मारून तसंच उभारलंतं. परत मारला, परत उभारलं. मी बघतोय, माणसाचं तोंड उतरलेलं. माझ्याकडं वळून म्हणालं, "झुंबर, कसा वाजला गं?" मी म्हणलं, "कसा म्हंजी? देवळातल्या घंटंगत वाजला." ते त्यास्नी ऐकू गेलं न्हाई, मग मी हात वर करून घंटा हलवल्यागत केलं. त्यास्नी कळलं. त्यांनी हातोडी घातली आन जोड अलगद सुटला. तितं मला कळलं की माझ्या नवऱ्याचं कान गेल्यात आन त्यांनी कुणाला सांगितलं न्हाई.

त्या दिवसापासनं मी कामावर जायला लागलो. खूण ठरली. खणखणीत वाजलं तर मान हलवायची, बद्द वाजलं तर हात आडवा करायचा. दोन म्हयन्यांत मला सगळं कळायला लागलं. गंज धरलेलं कसं वाजतंय, सुटायला लागलेलं कसं, चीर पडलेलं कसं. लोक हसायचं. एकजण म्हणाला, "वस्ताद, वहिनींना कोल्हापूर दाखवाय आणलंय काय?" मी म्हणलं, "बाबा, तुझ्या संडासाचा पाइप बघाय आलोय, महाद्वार रोडला जाऊन आलो की सांगतो." आन खरं सांगू का, मला अभिमान वाटायचा. शाळंत मी दुसरीपातुर, सही तेवढी येती. आन हितं मी मान हलवल्याबिगर वस्तादाची हातोडी पडायची न्हाई.

सहा वर्सं असं चाललं. आमची लेक निशिगंधा, ती वारणानगरला एका हापिसात कामाला हाय. तिनं बापाला कानाचं मशीन आणून दिलं. दोन दिवस घातलं त्यांनी. टोला मारला की म्हणं डोक्यात करवत फिरतीया. काढून डब्यात ठेवलं आन म्हणालं, "मला मशीन कशाला? झुंबर हाय की." सगळी कौतुकानं हसली. मी बी हसलो. पण पावणं, ते वाक्य नंतर मला टोचायला लागलं. मी हाय की, म्हंजी मी कुठं जायचंच न्हाई. गुडघं दुखाय लागल्यात, लोकांच्या घरामागच्या घाणेरड्या बोळात सा-सा तास उभारायचं, नाकाला पदर लावून. घरात सणवार असू दे, कुणाचं बारसं असू दे, ह्यांना काम आलं की मी चाललो मागनं. बोलायची सोय न्हाई. म्हंजी बोललो तरी ऐकू कुणाला जाणार?

गेल्या वैशाखातली गोष्ट. माझं माहेर आजऱ्याचं. आई मी तीन वर्सांची असताना गेली, मला आक्कानं वाढवलं. माझी थोरली भण. तिच्या धाकट्या लेकीचं लगीन. मंगळवारी हळद, बुधवारी लगीन. आक्कानं म्हयनाभर आधी फोन करून सांगितलंतं, "झुंबर, पोरीला पहिली हळद तूच लावायचीस. आपल्याला आई न्हाई, तू न्हाई आलीस तर मी कुणाला पुढं घालू?" मी हिरवी साडी घेतली, पोरीला जोडवी घेतली. मंगळवारी सकाळी पिशवी भरून दारात ठेवली. साडेनऊची येष्टी.

आठ वाजता आप्पासो मगदूम दारात. शाहूपुरीत त्यांचं तीन मजली घर हाय, खाली दुकान. चांगलं माणूस, जैन, कधी आवाज चढवून बोललं न्हाईत. वरच्या मजल्यावरच्या संडासाचा पाइप गळत हुता, आन ते पाणी खाली स्वयंपाकघराच्या भिताडातनं झिरपाय लागलंतं. त्यांच्या आईचा तीन दिवसांचा उपवास, दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं. म्हातारी म्हणती, असल्या स्वयंपाकघरातलं मी तोंडात घालणार न्हाई. दुसऱ्या नळवाल्यानं येऊन सांगितलंतं की सगळं फोडावं लागंल. आप्पासो मला हात जोडून म्हणालं, "झुंबरबाई, आजचा दिवस वस्तादांना घेऊन या. आईचं वय ब्याऐंशी."

मी खुणांनी सांगितलं तसं मालकांनी माझ्याकडं बघितलं. म्हणालं, "दोन तासांचं काम. रॉकेल सोडून थांबायला सवड न्हाई, शिसं वितळवून काढतो. तू दुपारच्या गाडीनं जा." मी खूण केली, तुम्ही एकटं जा. ते म्हणालं, "तुझ्याबिगर कसं करू?" रागानं न्हाई, साधंच. पाणी प्यायला मागितल्यागत. आन माझ्या पायाची आग मस्तकात गेली. पण मी ओरडलो न्हाई. बहिऱ्या माणसावर ओरडून काय करायचं सांगा. राग तसाच गिळला, पिशवी काखंला मारली आन मागनं चालायला लागलो. वाटंत एकदा बी त्यांच्या तोंडाकडं बघितलं न्हाई.

दोन तासांचं काम काय दोन तासांत हुतंय? घरामागं अरुंद बोळ, तितं बांबूची परांची बांधली. मालक पहिल्या मजल्याच्या वर उभारलं, मी खाली. बत्ती लावून शिसं काढलं, ताग उपसला, तवर दुपारचा एक वाजला. शिसं तापल्याचा वास, वरनं टिपकणारं घाण पाणी. दीडची गाडी गेली. मी मनात म्हणलं, जाऊ दे, आता हळद काय मिळत न्हाई.

आता हे नीट ऐका. खालचा जोड सोडवायच्या आधी त्याच्या वरचा पाइप वाजवून बघावा लागतोय. वरचा पाइप भिताडातल्या पट्ट्यांवर टांगलेला असतोय. खणखणीत वाजला तर तो पट्ट्यांवर ऱ्हातोय. बद्द वाजला तर त्याला चीर हाय, मग आधी दोर टाकून बांधायचा. न्हाईतर खालचा आधार सुटला की तो चिरंवर मोडून खाली येतोय. पाच-सा फूट बीड, माणसाच्या वजनाचं.

तवाच माझा फोन वाजला. आक्काच्या घरातनं. तसला तोंड दिसणारा फोन, निशिगंधानंच मला शिकवलाय. उचलला तर मांडव, बाया, पिवळं पिवळं सगळं. हलगी वाजायलीती. पोरगी पाटावर बसलेली आन तिला पहिली हळद तिच्या चुलतीनं लावली. आक्काचं तोंड मधी आलं. म्हणाली, "कुठं हाईस गं झुंबर?" एवढंच. रागावली सुद्धा न्हाई. मी म्हणलं, "संडासाच्या पायपाखाली हाय." तिला ऐकू गेलं का न्हाई कुणाला ठावं, हलगी लई वाजायलीती.

मालकांनी वरच्या पायपाला टोला मारला आन माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. फोन हातात, डोळ्यात पाणी, आन मान हलवली. त्यांनी दुसऱ्यांदा मारला. असं ते कधी करत नव्हतं. परत बघितलं. आन मी चिडलो. मनात म्हणलं, हाण की बाबा एकदाचा, किती वाजवशील! आन दात खाऊन जोरात मान हलवली. व्हय. व्हय.

मी तो आवाज ऐकलाच नव्हता, पावणं. कानात गेला असंल, माझ्यापातुर आला न्हाई. आता येतोय. रोज येतोय. भांडी घासताना येतोय, देवापुढं बसलं की येतोय. बद्द. लहान पोराला सुद्धा कळला असता.

त्यांनी मोठी हातोडी डाव्या हातानं जोडाला टेकवली आन उजव्यानं बारकी मारायला सुरुवात केली. सातवा का आठवा टोला असंल. जोड सुटला आन वरनं पाइप आला. मोडल्याचा आवाज तेवढा मी ऐकला. डावा हात मधी सापडला. ते ओरडलं न्हाईत. परांचीवर तसंच बसलं आन वरनं माझ्याकडं बघत ऱ्हायलं. मी कोकलत सुटलो, "आगाबाया, धावा, धावा!" आप्पासो पळत आलं, गाडीत घातलं. दवाखान्यात तीन बोटं काढली. अंगठा आन करंगळी ऱ्हायली.

डाक्टरांनी हात हलवून इचारलं, कसं झालं? मालक मोठ्यांदा म्हणालं, "माझा टोला चुकला." बहिरी माणसं मोठ्यांदा बोलत्यात, सगळ्या खोलीला ऐकू गेलं. निशिगंधा आली, तिला तेच सांगितलं. आप्पासो दोन डझन केळी घेऊन आलं, रडायलंतं बिचारं, म्हणालं आईनं दुसऱ्या दिवशी बी उपवास सोडला न्हाई. त्यांना बी तेच. माझा टोला चुकला. मी शेजारी उभी.

हात चार म्हयन्यांत भरून आला. उजवा हात तर धडधाकट. विजयसिंह यायला लागला. त्यांच्याच हाताखाली शिकलेला तो, आता ग्राइंडर घेऊन फिरतोय, पण जीव लावतोय. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचा, "वस्ताद, तुम्ही हात लावू नका. नुसतं उभारा, कुठं मारायचं ते सांगा. मी गाडीवर नेतो, गाडीवर आणतो." मालक मान हलवायचं. "न्हाई भावा. माझं बीड वळखायचं गेलं. आज माझी बोटं गेली, उद्या कुणाचं डोसकं जाईल." आन दारात जाऊन बसायचं. गल्लीत येणारी-जाणारी माणसं बघत. जेवण निम्म्यावर आलं. वस्ताद म्हणून कानाशी हाक मारली की तोंड फिरवायला लागलं.

मी चुलीपाशी बसून हे सगळं ऐकायचो. एक वाक्य सांगायचं हुतं मला. तुमचा टोला चुकला न्हाई, माझी मान चुकली. तेवढं सांगितलं तर हा माणूस उठून उभा ऱ्हाईल, असं मला वाटायचं. जेवत्याल, हातोडी धरत्याल. आन ते वाक्य मला सांगता येईना. बघा, चहाची खूण हाय आमची, मिठाची हाय, लाईट गेल्याची हाय, लेकीचा फोन आल्याची हाय. ह्याची कुठली खूण करू? लिवता येत न्हाई. लेकीला लिवाय सांगावं तर तिला आधी कळणार की आईनं बापाचा हात घालवला. मग ऱ्हायलं काय? कानाशी तोंड लावून कोकलायचं. आन आमची भिताडं म्हंजी पत्रा. शेजारची धोंडुबाई माझ्या फोडणीत मोहरी किती पडली ते सुद्धा सांगती. भ्यालो मी. जल्मभर कुणाला भ्यालो न्हाई, गल्लीच्या तोंडाला भ्यालो.

एकदा जोतिबाला घेऊन गेलो. म्हणलं डोंगरावर वारं हाय, मोकळं हाय, देवळाच्या मागच्या बाजूला बसवून सांगू. बसवलं. कानाशी तोंड नेलं आन ओरडलो, "आवं, त्या दिवशी मी..." तेवढ्यात नारळवाला वळून बघाय लागला, चार बाया थांबल्या. एक म्हणाली, "काय गं, म्हाताऱ्याला का कावतीस?" मालकांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आन पाण्याची बाटली पुढं केली. मी पाणी प्यालो. गुलाल लावून खाली आलो.

आन मग गेल्या म्हयन्यात विजयसिंह आलता. त्यानं काय बी मागितलं न्हाई, नुसता बोलत बसलता. मालक उठलं, माळ्यावरनं हत्याराची पिशवी काढली आन त्याच्या मांडीवर ठेवली. दोन्ही हातोड्या, बत्ती, छिन्न्या, सगळं. म्हणालं, "घेऊन जा. हितं गंजत्यात."

मला काय झालं ते मलाच कळलं न्हाई. मी आतनं पळत आलो, हातात पिठाचं काठवट हुतं ते तसंच टाकलं. त्यांच्या कानाला तोंड लावलं आन नरडं फाटंस्तोवर ओरडलो. "तुमचा टोला चुकला न्हाई! मी चुकलो! मी ऐकलं न्हाई! मी न ऐकता मान हलवली! रागानं हलवली!" तीनदा ओरडलो. विजयसिंह उठून उभारला. धोंडुबाई दारात आली, तिच्या मागं तिची सून, समोरचं सगळं. लहान पोरं गोळा झाली. मी ओरडतच हुतो. लाज गेली, भ्या गेलं. मला वाटलं आता ते माझ्या थोबाडीत मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी मारलं न्हाई. विजयसिंहाला हातानं खूण केली, जा, पिशवी घेऊन जा. तो गेला. मग दार लावून घेतलं आन माझ्यासमोर बसलं. हळू बोललं. इतक्या वर्सांत पहिल्यांदा हळू बोललं, मला पुढं सरकून ऐकावं लागलं.

"म्हाईत हाय मला," म्हणालं.

मी पिठाचं हात पदराला पुसलं आन आणखी पुढं सरकलो.

"पहिल्या टोल्यालाच हाताला कळलंतं. चीर हाय म्हणून. कान गेल्यात, हात न्हाई गेला. दुसरा मारला तवा पक्कं झालं. दोर मागणार हुतो तुझ्याकडं."

मी परत ओरडलो, "मग मागितला का न्हाई?"

"तू मान हलवलीस की."

पावणं, घरातलं माणूस गेल्यावर बी मी असं भुईला बसलो नसंन. ते म्हणालं, "सा वर्सं तुझी मान कधी चुकली नव्हती. म्हणलं माझाच हात म्हातारा झाला. झुंबर म्हणती म्हंजी बरंच असणार." मी ओरडूनच इचारलं, मग टोला चुकला, टोला चुकला असं सगळ्यास्नी का सांगत फिरलासा? ते म्हणालं, "न्हाईतर गल्लीनं तुला जगू दिलं असतं व्हय?"

मी त्यांचं पाय धरलं. ओरडून सांगितलं, "चला कामाला. उद्याच चला. पिशवी मी आणतो मागून. आता नीट ऐकीन, आक्काची आण. कुठं बी जाणार न्हाई, फोन घरात ठेवीन." त्यांनी माझा हात पायावरनं काढला. झिडकारला न्हाई, नुसता काढून बाजूला ठेवला. मग म्हणालं, "टोला मारल्यावर तुझ्या तोंडाकडं बघावं लागतंय, झुंबर. ते आता मला जमत न्हाई."

एवढंच बोललं. भांडण न्हाई, आदळआपट न्हाई. सकाळी उठून माझ्या गुडघ्यांना तेल लावत्यात अजून. पण मान वर करत न्हाईत. आता बहिऱ्या माणसानं तोंडाकडं बघायचं सोडलं तर त्याच्याशी बोलायचं कसं, तुम्हीच सांगा. मी खुणा करतो आन त्यांची नजर खाली. जेवाय वाढलंय, एवढं सांगायला सुद्धा मला जवळ जाऊन खांद्याला हात लावावा लागतोय.